नवव्या फेरीतलं लाल कार्ड

सतरा नंबरच्या मुलीला मी चालण्याच्या शर्यतीतून बाद केलं आणि ते करताना मी नियम मोडला. तिनं मोडला होता की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

ही शर्यत कशी असते ते आधी सांगायला हवं. ऑफिसात मी चालण्याच्या शर्यतीचा पंच आहे म्हटलं की लोक हसतात. "चलने की क्या रेस, भैया, हम तो रोज़ चलते हैं." मी त्यांना सांगतो, गल्लीच्या टोकापर्यंत नियमानं चालून दाखवा. नियम दोनच आहेत. मागचा पाय जमीन सोडण्याआधी पुढचा टेकलेला हवा. दोन्ही पाय एकदम हवेत गेले की ते पळणं झालं. आणि पुढचा पाय टेकल्या क्षणापासून शरीर त्याच्यावर उभं येईपर्यंत गुडघा ताठ हवा. एवढंच. पण शंभर पावलं तसं झपाझप चाललं की नडगीच्या पुढचा स्नायू पेटतो, कारण टाच आधी टेकायची म्हणून पंजा सतत वर खेचून धरावा लागतो. गुडघा वाकवायचा नाही, मग पाऊल लांब पडणार कसं? कंबर फिरवून. प्रत्येक पावलाला कंबरेची एक बाजू पुढे आणि खाली जाते. त्यालाच लोक हसतात. हात कोपरात काटकोनात, खालून चालवायचे. खांदे उचलले की सगळं शरीर उचललं जातं आणि पाय जमिनीवरून सुटतो. दमलेला धावपटू वेडावाकडा कसाही धावला तरी चालतं. चालणाऱ्याला दमल्यावरही नीटच चालावं लागतं, आणि तेच फार कठीण आहे.

मी कॉलेजात असताना नागपूरला चालायचो. मैदानावर पोरं शिट्ट्या मारायची. विद्यापीठाच्या निवडीत गुडघा वाकला म्हणून मला बाद केलं, आणि ते बरोबरच होतं. पुढे नोकरी लागली, रायपूरला आलो, पोट सुटलं. शंकर नगरातल्या घरी ट्रॅकसूट कपाटातच राहिला. दहा वर्षांपूर्वी पंचांची परीक्षा दिली, तेव्हापासून रविवारी आणि सुटीच्या दिवशी हे काम करत होतो.

पंचाला आणखी एक नियम असतो. पाय सुटला की नाही, ते नुसत्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. कॅमेरा चालत नाही. वाकून किंवा खाली बसून जमिनीला डोळा लावणंही चालत नाही. रस्त्याच्या कडेला उभं राहायचं आणि बघायचं. शंका आली तर पिवळी पाटी दाखवायची. तिच्या एका बाजूला नागमोडी रेघ असते, म्हणजे पाय सुटतोय, आणि दुसऱ्या बाजूला वाकलेला कोन, म्हणजे गुडघा. खात्री झाली तर लाल कार्ड लिहून द्यायचं. एका पंचाचं एकच कार्ड धरतात. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन लाल कार्डं आली की चालणारा बाहेर. पंचांनी आपसात बोलायचं नाही, कुणाचं ऐकायचं नाही.

त्या दिवशी नवा रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर ज्युनिअर मुलींची दहा किलोमीटरची निवड होती. एक किलोमीटरची फेरी, दहा वेळा. पहिल्या दोघी राज्याच्या संघात जाणार होत्या. थंडी चांगलीच होती. मी शंकूंच्या रांगेजवळ उभा राहून बायकोशी फोनवर बोलत होतो. फोन ठेवला तसा एक माणूस जवळ आला. डोक्याला मफलर, हातात थर्मास.

"सायेब, तुमी मराठी हाय का?"

"हो."

"मले वाटलंच. फोनवर काहून म्हनलं न तुमी." तो खूश झाला. गुढियारीला राहतो म्हणाला, रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला. आजोबा भंडाऱ्याकडून आले ते इकडेच राहिले. थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्यानं माझ्यापुढे धरला. "घ्या, घरचा हाय. ते सतरा नंबर पाहून राह्यले न? ते आपली पोट्टी."

मी चहा घेतला. थंडी होती आणि त्याला नाही म्हणणं वाईट दिसलं असतं. हे पंचांच्या कुठल्या नियमाविरुद्ध नाही. पण दोन हातांवर एक प्रशिक्षक त्याच्याकडे शिकणाऱ्या मुलीच्या पाठीवर नंबर टाचत होता. माझ्या ओळखीचा, वर्षानुवर्षं मैदानावर भेटणारा. त्यानं पिन तोंडात धरूनच म्हटलं, "क्या भैया, मराठी पंचायत बैठ गई? आज तो सतरा नंबर पक्की!"

सगळे हसले. मीही हसलो. सतरा नंबरचा बापही हसला, त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला मात्र तो चहा संपवता आला नाही.

इथे माझ्याबद्दल एक सांगतो. बावीस वर्षं या शहरात आहे, पण ऑफिसात कुणी मराठी माणूस काम घेऊन आला की टेबलापलीकडून कुणीतरी म्हणतंच, "आपके वाले आ गए." म्हणून मी मराठी माणसाचा अर्ज दोनदा तपासायचो. एखादा कागद कमी असेल तर दुसऱ्याला सांभाळून घ्यायचो, मराठी माणसाला परत पाठवायचो. याला मी प्रामाणिकपणा समजत होतो. मला त्याचा थोडा अभिमानसुद्धा होता.

शर्यत सुरू झाली. सतरा नंबर आधी चौथी होती. तिचं चालणं बघत राहावं असं होतं. खांदे खाली, मान सैल, कंबर फिरते पण उगाच हलत नाही. बुटांचा आवाजही कमी. पळणाऱ्याचा बूट आपटतो, तिचा टेकत होता. सहाव्या फेरीला ती दुसरी आली. आठ वेळा ती माझ्यासमोरून गेली आणि आठही वेळा मला पिवळी पाटीसुद्धा उचलावीशी वाटली नाही. कार्डांची नोंद दाखवणाऱ्या फलकावर मात्र तिच्या नंबरापुढे दोन लाल खुणा पडल्या होत्या, दोन्ही नागमोडी. दुसऱ्या दोन पंचांनी काहीतरी पाहिलं असेल. ते त्यांचं काम होतं.

आठवी फेरी झाली आणि तो प्रशिक्षक माझ्या मागे येऊन उभा राहिला. त्याची शिष्या तिसरी चालली होती.

"भैया, एक मिनट. ये देखो."

त्याच वेळी त्याला जा म्हणायला हवं होतं. शर्यत चालू असताना कुणी पंचाशी बोलत नाही. पण फोन माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी पाहिलं. गती कमी केलेल्या व्हिडिओत सतरा नंबर अगदी सावकाश चालत होती. एक पाऊल उचलायला तिला युग लागत होतं. आणि मध्येच, दोन्ही बुटांच्या खाली, डांबराच्या वर, उजेडाची एक बारीक पट्टी दिसली.

"दिखा न? अब अपनी बिटिया है तो मत दो, हम क्या बोलें," असं म्हणून तो गेला.

नवव्या फेरीला ती आली. मी तिच्या पायांकडे बघत होतो, पण मला फोनमधली ती पट्टीच दिसत होती. त्या फेरीत ती कशी चालली हे मी पाहिलंच नाही. मी कार्ड काढलं. सतरा, वेळ, नागमोडी रेघ. अक्षर स्वच्छ आलं. सायकलवर कार्डं गोळा करणाऱ्या बाईंनी ते नेलं.

मुख्य पंच शेवटच्या फेरीत, रेषा तीनशे मीटरवर असताना, लाल पाटी घेऊन तिच्यापुढे आले. तिनं मागे वळून पाहिलं. तिला वाटलं पाटी दुसऱ्या कुणासाठी असेल. मग कळलं. तरी ती पाच-सहा पावलं चाललीच, टाच आधी, गुडघा ताठ, अगदी नियमात. मग बाजूला झाली. बाद झालेल्यानं नंबर काढायचा असतो. तिची पिन निघत नव्हती.

थोड्या वेळानं बाप तिला घेऊन माझ्याकडे आला. भांडायला येतोय असं वाटून मी मनात उत्तरं जुळवत होतो.

"सायेब, रागवू नका. काय चुकलं तेवढं पोट्टीले समजावून सांगा. म्हंजे पुढच्या टायमाले ध्यानात ठेवीन ते."

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. तिला मराठी कळतं, पण ती हिंदीच बोलते. "कौन सा पैर, अंकल?"

कुठला पाय, हे मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "उजवा."

"हर लैप में?"

"नवव्या फेरीत."

तिनं मान हलवली आणि स्वतःच्या उजव्या बुटाकडे बघत राहिली. बापानं माझे आभार मानले.

त्यानंतर घरी मी आठवडाभर धड जेवलो नाही. बायकोला पोटाचं काहीतरी सांगितलं. एका रविवारी आम्ही तेलीबांधा तलावाकाठी फिरायला गेलो, तेव्हा मी फोन काढून पुढे चालणाऱ्या लोकांच्या पायांचा व्हिडिओ घेऊ लागलो.

"काय करून राह्यले हे?" बायको घाबरली. "बायकांचे पाय शूट करता म्हनून लोकं मारतीन न!"

"मग माझे घे," मी म्हटलं, आणि जमेल तितक्या झपाट्यानं चालून दाखवलं. बाकावर बसून आम्ही ते सावकाश लावून पाहिलं. माझं पोट, माझे जुने बूट, आणि बुटांखाली तीच उजेडाची पट्टी.

"पाहा, तुमी बी उडून राह्यले," ती हसली. मग माझा चेहरा पाहून तिनं फोन बाजूला ठेवला.

जोरात चालणाऱ्या प्रत्येकाचे पाय सावकाश पाहिले तर सुटलेलेच दिसतात. अगदी नावाजलेल्या चालणाऱ्यांचेसुद्धा. ही गोष्ट मला नवी नव्हती. पंचांना ती पहिल्याच दिवशी शिकवतात. म्हणूनच नियमात डोळा आहे. माणसाच्या डोळ्याला दिसत नाही तेवढं हवेत जाणं माफ आहे. ते माफ नसतं तर ही शर्यत कुणालाच पुरी करता आली नसती. दुसऱ्या दोघा पंचांच्या डोळ्यांना जे दिसलं ते खरं असेल. माझ्या डोळ्यांना काहीच दिसलं नव्हतं.

मी तिथे बाकावरच बायकोला सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "मंग आता काही होऊ शकते का?"

"संघाची यादी शुक्रवारी जाणार आहे."

"आज त रविवारच हाय."

म्हणजे माझ्याकडे पाच दिवस होते. सोमवारी ऑफिसात बैठक निघाली. मंगळवारी संघटनेला लिहायच्या पत्राचा मजकूर जमेना. बुधवारी बायकोकडचे पाहुणे आले. पत्र मी लिहिलं ते शनिवारी. हे असंच जुळून आलं, असं मी बरेच दिवस मानत होतो. तसं नव्हतं. यादी जाऊ द्यावी म्हणजे पत्रानं कुणाचं काही बिघडणार नाही, माझंही नाही, आणि लिहिल्याचं समाधानही मिळेल, हा हिशेब माझ्या मनानं मला न सांगता केला होता. लाल कार्डापेक्षा हे पाच दिवस मला जास्त टोचतात.

संघटनेच्या सचिवांनी फोन केला. "अब क्या, भैया. टीम के टिकट हो गए. ये चिट्ठी मैं रखता ही नहीं. छोड़ो."

बायकोनं सोडलं नाही. "त्याइच्या घरी जा," ती म्हणाली. "चहा पेला होता न त्याचा?"

गुढियारीतलं घर विचारत विचारत सापडलं. बापानं मला दारात पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "या, या सायेब. अवो, पंच सायेब आले!" आतून मुलगी आली. ती लंगडत होती. उजव्या नडगीला पट्टी बांधलेली.

मी उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली, कारण बसलो असतो तर चहा आला असता. फोन, प्रशिक्षक, नववी फेरी, सगळं सांगितलं. बाप खुर्चीवर हात ठेवून ऐकत होता. मुलगी दिवाणावर बसली.

"मतलब आपने आँख से नहीं देखा," ती म्हणाली.

"नाही."

"फोन में तो सब उड़ते हैं, अंकल. मेरे सर ने पहले महीने में ही दिखाया था." मग तिनं नडगीवर हात ठेवला. "और ये राइट पैर?"

"तेही पाहिलं नव्हतं. तू विचारलं म्हणून सांगितलं."

"दो हफ़्ते से इसी को सुधार रही हूँ. जल्दी रखने के चक्कर में सूज गया."

ती आणखी हळू बोलली. "मैंने पापा को क्या बोला, मालूम? दो कार्ड का तो पता नहीं, पर तीसरा मराठी अंकल का है. अपनी चाय पी के भी दिया, मतलब सही ही दिया होगा."

बापानं विचारलं, "काहून केलं सायेब असं?"

"लोक म्हणाले असते, आपली म्हणून सोडलं."

"हव. म्हंजे हे मराठी नसती, त देल्लं नसतं?"

"नसतं दिलं, भाऊ."

तो अंगणात निघून गेला. नळ सोडल्याचा आणि बादली भरल्याचा आवाज आला. बादली भरून वाहू लागली तरी नळ चालूच होता.

मुलीनं एक वही आणली, रोजच्या सरावाची. रकान्यांत किलोमीटर आणि वेळ. मागचं कोरं पान काढून ती म्हणाली, "इसमें लिख दीजिए."

मी लिहिलं की शर्यतीच्या गडबडीत माझ्याकडून निर्णय देताना कदाचित चूक झाली असावी. तिनं वाचलं, पान फाडलं आणि वही परत माझ्यापुढे ठेवली. "ऐसे नहीं. जो हुआ वो."

मग मी लिहिलं: सतरा नंबरचा दोष मी डोळ्यांनी पाहिला नाही. शर्यत चालू असताना दुसऱ्या स्पर्धकाच्या प्रशिक्षकाच्या फोनमध्ये पाहून कार्ड दिलं. विचारल्यावर उजव्या पायाबद्दल खोटं सांगितलं. यादी जाण्याआधी हे सांगू शकत होतो, सांगितलं नाही. खाली सही केली.

"मैं ये दिखाऊँगी," ती म्हणाली. विचारत नव्हती.

"दाखव."

तिनं खरंच दाखवलं. मला संघटनेचं बोलावणं आलं. टेबलापलीकडे पाच जण होते, त्यांतले तिघे माझ्या रोजच्या बोलण्यातले. मी सगळं कबूल केलं. पंचांच्या यादीतून माझं नाव काढलं. प्रशिक्षकाला ताकीद मिळाली. तो आता रस्त्यात भेटला तर मान फिरवतो. त्यानं फोन दाखवला होता, पण कार्ड मी लिहिलं होतं, त्यामुळे त्याच्यावर मला राग धरता येत नाही. निकाल बदलला नाही. तोवर राष्ट्रीय स्पर्धा होऊन गेली होती. तिच्या जागी गेलेली मुलगी तिथे छान चालली, तिचा यात काही दोष नाही. सतरा नंबरला एवढंच मिळालं: पुढच्या थंडीत खुल्या गटाच्या निवडीत थेट उतरायची परवानगी. वयामुळे ज्युनिअर गट संपला होता. खुल्या गटात अंतर दुप्पट, वीस किलोमीटर.

पावसाळा संपल्यावर ती तेलीबांध्याला सकाळी सरावाला येऊ लागली. मी जाऊन लांबून बघायचो. आपण काहीतरी भरून देतोय असं मला वाटायचं. आठवड्यानं ती स्वतःच माझ्याजवळ आली.

"अंकल, आप मत आया करो. आप खड़े रहते हो तो मैं पैर देखने लगती हूँ. पैर देखा कि कंधा उठ जाता है."

मी जाणं बंद केलं. निवडीच्या सकाळीही घरीच राहिलो. बायकोनं पोहे केले, ते तसेच राहिले. अकराच्या सुमारास बापाचा फोन आला. त्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होता.

"चौथी आली, सायेब."

दोघीच जाणार होत्या. तोच पुढे म्हणाला, "एक कार्ड भेटलं. गुडघ्याचं."

"ती काय म्हणाली?"

"बरोबर देल्लं म्हंते. सोळा किलोमीटरच्या पुढं गुडघा ढिला पडला, तिले सोताले समजलं म्हने." मागे तिचा आवाज आला, काहीतरी विचारत होती. "हे इचारून राह्यली, मांडीच्या मांगची शीर आखडते तवा गुडघा ताठ कसा ठेवा लागते? तुमी चालत होते न पह्यले."

मी सांगितलं की अंतर एकदम वाढवू नकोस, चढावर सराव कर, मांडीच्या मागच्या स्नायूला वेगळा व्यायाम दे. बाप एकेक वाक्य तिला मोठ्यानं सांगत होता.

"आन् सोळाच्या पुढं काय करा लागते म्हंते?"

मी दहा किलोमीटरच्या पुढे कधी चाललोच नव्हतो. "ते मला माहीत नाही, भाऊ," मी म्हणालो. "तिला सांगा, मला खरंच माहीत नाही. वीस चाललेल्या कुणालातरी विचारून सांगतो."

"हव, इचारून ठेवा," तो म्हणाला. "आमी उद्या फोन करतो."